अंगण हीच पहिली शाळा

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण. वेळेअभावी जे मुद्दे बोलायचे राहून गेले ते येथे जोडले आहेत.)



मला या मेळाव्यात बोलायला सांगितले, तेव्हा एका पालकांनी वाटेत गाठून सुचविले, "सर, दहावीच्या निकालावर बोला. आम्हाला त्याचीच काळजी आहे." त्यांची काळजी रास्त आहे. निकालावर मी बोलणार आहेच. पण जरा लांबून सुरुवात करून. दहावीचा निकाल दहावीच्या वर्गात लागतो अशी आपली समजूत असते. आजवरच्या शिक्षकी पेशात मला मात्र असे दिसत आले आहे की, निकालाचा पाया मूल तीन-चार वर्षांचे असतानाच घातला जातो, आणि तो पुष्कळसा वर्गाच्या चार भिंतींबाहेर घातला जातो.

म्हणून आज मी तुमच्यापुढे एका लहानशा जमिनीचा प्रश्न मांडणार आहे. आपल्या बालवर्गाच्या मागे सुमारे चार गुंठे मोकळी जागा आहे. तिच्या तीन बाजूंना जांभ्याचा गडगा आहे, एका कोपऱ्यात फणस आहे, आणि विहिरीच्या अंगाला थोडा उतार आहे. आखाती देशात नोकरीस असलेल्या आपल्या एका बांधवाने या जागेसाठी मोठ्या मनाने रक्कम देऊ केली आहे. कार्यकारी मंडळापुढे जी योजना आहे, ती आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. फणस काढायचा, उतार भरून जागा सपाट करायची, सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि मुंबईहून प्लास्टिकची घसरगुंडी व डोलणारे दोन घोडे आणायचे. योजनेमागील हेतूबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मुलांचे कपडे स्वच्छ राहावेत, पाहुण्यांना शाळा नेटकी दिसावी, असे कोणाला वाटत नाही? तरीही ही योजना मला पटलेली नाही. मी तसे अध्यक्षसाहेबांना सांगितले. ते म्हणाले, "मास्तर, मला एकट्याला सांगून काय उपयोग? मेळाव्यात बोला." तेव्हा हे भाषण त्यांच्या परवानगीनेच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्या विरोधाचे कारण सांगण्यासाठी मला २०२० सालात जावे लागेल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि आपल्या मंडणगड-दापोलीची त्याने काय दशा केली, ते तुम्हांला मी सांगायला नको. कौले, पत्रे, माड, पोफळी, पिढ्यान् पिढ्यांच्या आंब्याच्या बागा, सारे एका दिवसात आडवे झाले. आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी एक जुने रायवळ आंब्याचे झाड होते, तेही मुळासकट उपटून पडले. कोरोनामुळे शाळा आधीच बंद होत्या. वादळानंतर कित्येक दिवस वीज आली नाही. मोबाइल बंद, टीव्ही बंद. मोठी माणसे छपरे शाकारण्यात आणि पंचनाम्यांच्या मागे. आणि मुले? मोहल्ल्यातील यच्चयावत मुले त्या पडलेल्या आंब्यावर!

सकाळी ते झाड जहाज असे. बुंध्याकडचा नाखवा, शेंड्याकडचा सुकाणूवाला. दुपारी त्याचा किल्ला होई. मुळांसकट वर आलेल्या लाल मातीच्या ढिगात घरे, रस्ते, विहिरी खणल्या जात. जी मुले माझ्यासमोर बाकावर दहा मिनिटे स्थिर बसत नव्हती, ती तीन-तीन तास त्या झाडावर एकाच खेळात रमलेली मी ओट्यावरून पाहिली. चार वर्षांच्या पोराला सात वर्षांची पोर हात धरून फांदीवर चढवीत होती. पाय कुठे ठेवायचा, कुठली फांदी वजन घेईल, हे त्यांना कोणी शिकविलेले नव्हते.

नवव्या-दहाव्या दिवशी मला भीती वाटू लागली. कोणी पडले तर? मी शिक्षक, उद्या लोक मलाच विचारतील. मोहल्ल्यातील दोघा-तिघांना बरोबर घेऊन मीच लाकूडवाल्याला बोलावले. एका दिवसात झाडाचे तुकडे झाले आणि टेम्पो निघून गेला. मुले गडग्यावर बसून बघत होती. मला कोणी काही म्हटले नाही. परंतु दुसऱ्या दिवसापासून ती मुले कोठे दिसेनात, आणि वीज आल्यावर तर मुळीच दिसली नाहीत. पडलेला आंबा म्हणजे त्या दहा दिवसांत आमच्या मोहल्ल्यात भरलेली एक उत्तम शाळा होती, आणि ती मी बी.एड. झालेल्या माणसाने बंद पाडली. तेव्हापासून मी या विषयावर जमेल तसे वाचू लागलो.

तुमच्यापैकी जे चाळिशी-पन्नाशीचे आहेत, त्यांनी आपले बालपण आठवून पाहावे. घरापुढे सारवलेले खळे होते, त्यापुढे परसू, मग पाखाडी, मग पऱ्या आणि मग सडा. या प्रत्येक जागेत खेळ वेगळा. खळ्यात सागरगोटे आणि चिंचोके, पाखाडीवर लगोरी, वडाच्या झाडावर सूरपारंब्या, पावसाळ्यात पऱ्याला बांध घालणे, उन्हाळ्यात सड्यावर करवंदे आणि तोरणे. पोफळीच्या झावळीच्या रुंद देठावर एकाने बसायचे आणि दुसऱ्याने ओढायचे, या गाडीला पेट्रोल लागत नसे. आता खळ्यावर लादी आली, परसात गाडी उभी राहिली, गडग्याच्या जागी सहा फुटी चिऱ्याची भिंत आली. परदेशातील कष्टाच्या पैशाने घरे चांगली झाली, यात आनंदच आहे. पण घर बांधताना आपण मुलाचे अंगण कोठे हरवले, हे आपल्या ध्यानातच आले नाही.

माझ्याच घरचे सांगतो. माझी धाकटी मुलगी चार वर्षांची असताना मी तिला प्रथम कातळावर फिरायला नेले. ती घरात लादीवर धावणारी, सोफ्यावरून उड्या मारणारी पोर. तेथे मात्र माझे बोट सोडीना. जमीन वरखाली आहे, एवढ्याचेच तिला भय वाटले. मी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवीत होतो आणि माझ्या मुलीचे पाय गुळगुळीत जमिनीपलीकडे काही शिकलेच नव्हते. घरातील दादीने ऐकवायचे ते ऐकविलेच, ते येथे सांगत नाही.

आता थोडा इतिहास पाहू. ही मास्तरांची खोड, तुम्ही सहन कराल.

आपल्या महाराष्ट्रात बालशिक्षण खेड्यात नेण्याचे श्रेय ताराबाई मोडक यांच्याकडे जाते. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई पदवीधर होत्या, राजकोटला अध्यापिका विद्यालयाच्या प्रमुख होत्या. १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या कार्यात सामील झाल्या. गिजुभाई हे मूळचे वकील. मुलांसाठी वकिली सोडून त्यांनी १९२० साली बालमंदिर काढले. लोक त्यांना प्रेमाने 'मिशावाली आई' म्हणत. १९२६ साली या मंडळींनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढले. शहरात नाव झाले, मान मिळाला. आणि वयाच्या ५३ व्या वर्षी, १९४५ च्या अखेरीस, त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी बालवाडी काढायला गेल्या. त्यांच्याबरोबर ३५ वर्षांच्या अनुताई वाघ होत्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले होते आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले होते. तेथून शिकत शिकत त्या शिक्षिका झाल्या होत्या.

बोर्डीला काय झाले, ते नीट ऐका, कारण माझ्या आजच्या म्हणण्याचे मूळ तेथे आहे. त्यांनी बालवाडी काढली, पण हरिजन वस्तीतील मुले तिकडे येईनात. येणार कशी? त्या काळी कोणी कोठे बसावे, कोणी कोणाच्या पोराशेजारी खेळावे, याचे निर्बंध गावाने घालून ठेवलेले होते. ज्या बाबासाहेबांना शाळेत वेगळे बसावे लागले, त्यांचे मूळ गाव आंबडवे हे आपल्याच तालुक्यात आहे. तेव्हा या गोष्टी आपल्याला परक्या नाहीत. ताराबाई-अनुताईंनी मुलांची वाट पाहत बसण्याऐवजी शाळाच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली. कोणाचे तरी अंगण झाडायचे, मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू. हीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम गेले, तेव्हा वारली मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत असे दिसले. मग शिक्षक गुरांच्या मागे कुरणात गेले, आणि तिचे नाव कुरणशाळा झाले.

मादाम माँटेसरींची लाकडी साधने सुंदर होती, पण महाग. ती खेड्याला कोठून परवडणार? या बायकांनी शिंपले, गारगोट्या, बिया, पाने, काड्या, माती हीच साधने केली. मोजायला चिंचोके, लहान-मोठे लावायला शंख, वर्गवारीला पाने. आणि मुले शिकली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत हा शब्द चालतो. मात्र शब्द देशभर गेला आणि त्यातले अंगण गळाले, असे पुष्कळ ठिकाणी झाले आहे. एक खोली, एक फळा, एक कुलूप, एवढीच अंगणवाडी मीही पाहिली आहे.

बाहेरच्या देशांतही गोष्ट फार निराळी नाही. जर्मनीत फ्रोबेल नावाच्या शिक्षकाने १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली आणि तिला पुढे किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. ती बाग खरोखरीची होती. मुलांना पेरायला, खुरपायला जमिनीचे छोटे वाफे दिलेले असत. (आपल्याकडे 'के.जी.' म्हणतात ते हेच. त्यात बागेचे एक पानही उरलेले नाही, हे आपले दुर्दैव!) दुसरे उदाहरण मला अधिक आवडते. डेन्मार्कमध्ये सोरेन्सन नावाचे एक उद्यान-रचनाकार होते. त्यांच्या असे ध्यानात आले की, आपण आखलेल्या सुबक क्रीडांगणांपेक्षा मुलांना बांधकामाच्या जागा, जुन्या फळ्या, विटा, मातीचे ढीग अधिक आवडतात. मग १९४३ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एम्ड्रुप येथे अशा टाकाऊ सामानाचे एक क्रीडांगण उभे राहिले. मुले तेथे स्वतः घरे बांधीत, मोडीत, पुन्हा बांधीत. हे वाचले, तेव्हा मला आमचा पडलेला आंबा आठवला आणि त्या रात्री नीट झोप लागली नाही.

आता पालक विचारतील, "सर, खेळून मार्क कसे मिळणार?" हा प्रश्न मी टाळणार नाही.

पहिलीच्या वर्गातील मुलांकडे पाहा. पुष्कळ मुलांना पेन्सिल धरता येत नाही. अक्षर वेडेवाकडे येते म्हणून आपण त्यांना अधिक लिहायला बसवितो. मूल रडते. वस्तुतः दोष अक्षराचा नसतो. खांदा, मनगट आणि बोटे यांत बळच आलेले नसते. ते बळ माती मळून, दोरी ओढून, फांदीला लोंबकळून, बादली उचलून येते. चार वर्षांच्या मुलाला पाटी गिरवायला लावणे म्हणजे आंब्याला मोहोर येण्याआधी आढी लावण्यासारखे आहे. गणिताचेही तेच. ज्या मुलाने वीस चिंचोके हाताने वाटून घेतले आहेत, भांडून परत मोजले आहेत, त्याला वजाबाकी समजावून सांगावी लागत नाही. भाषेचे तर विचारूच नका. आमच्या मुलांच्या घरात एक बोली, शाळेत उर्दू, पुस्तकात मराठी, वर इंग्रजी. अशा मुलाची जीभ सुटते ती खेळताना. 'माझी पाळी', 'तू लबाडी केलीस', 'आधी पाणी ओत, मग माती घाल' ही वाक्ये कोणी पाठ करून घेत नाही.

डोळ्यांविषयीही थोडे सांगतो. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांनी पाहिले, तर जादा तास नसलेल्या शाळांतील ३९.५ टक्के मुलांना लांबचे अंधुक दिसू लागले होते. उघड्यावर तास घेतलेल्या शाळांत हे प्रमाण ३०.४ टक्के होते. औषध नाही, ऑपरेशन नाही, केवळ उघडा उजेड! जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली सांगून ठेवले आहे की, तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात निदान तीन तास हालचाल करावी, आणि पडद्यापुढे एका तासाहून अधिक बसू नये. आपल्या घरी हे आकडे नेमके उलटे आहेत की काय, हे प्रत्येकाने आपापले पाहावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला क्रीडांगण हवे असे लिहिले आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे वय खेळातून शिकण्याचे मानले आहे. म्हणजे मी काही जगावेगळे मागत नाही.

माता-भगिनींची तक्रार मला ठाऊक आहे: लाल मातीचे डाग निघत नाहीत. खरे आहे, निघत नाहीत. यावर उपाय एकच, जुन्या कपड्यांचा एक जोड शाळेत ठेवायचा. मागच्या वर्षी बालवर्गातील एका मुलाला मी चिखलाने माखल्याबद्दल रागे भरलो होतो. तो रडत म्हणाला, "अम्मी मारेल." तेव्हा पोराला भीती चिखलाची नव्हती, आपली होती.

पडण्या-लागण्याची भीती मोठी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही; मीच त्या भीतीपायी झाड विकले. पण विचार करा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पेव्हर ब्लॉकवर जुलैत शेवाळ धरणार, आणि त्यावर पाय घसरून पडलेले मूल मातीत पडलेल्या मुलापेक्षा अधिक दुखावणार. एप्रिल-मेमध्ये तेच ब्लॉक आणि तीच प्लास्टिकची घसरगुंडी इतकी तापेल की, अकरानंतर तेथे कोणी पाय ठेवणार नाही. चार महिने निसरडे, दोन महिने चटके. उरलेल्या सहा महिन्यांसाठी फणस तोडायचा का?

मुलींविषयी दोन शब्द बोलतो. कोणी गैरसमज करून घेऊ नये. आपली मुलगी सहा-सात वर्षांची झाली की, ती खळ्यातून पडवीत येते, पडवीतून माजघरात, आणि माजघरातून थेट स्वयंपाकघरात. भाऊ मात्र पाखाडीवर असतो. रस्त्यावरची वर्दळ वाढली, काळजी वाटते, हे मी समजतो. माझ्याही घरी मुली आहेत. म्हणूनच तर गडग्याने वेढलेली, बाईंच्या नजरेखालची ही जागा हवी. सुरक्षित अंगण नसेल, तर त्याची किंमत प्रथम मुलगीच मोजते.

आणि वेळेचे काय? सकाळी मदरसा, मग शाळा, मग शिकवणी, मग गृहपाठ. पाच वर्षांच्या मुलाला आपण कारकुनापेक्षा अधिक तास बसवितो. यांतील काय कमी करावे, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण अस्रनंतरचा एक तास तरी त्याचा त्याला द्यावा, एवढी विनंती करण्याइतकी माझी तुमच्याशी जवळीक आहे.

तर मग त्या चार गुंठ्यांत काय करावे? मी अभियंता नाही. परंतु वाचून, विचारून आणि दोन गवंड्यांशी बोलून जे सुचले, ते मांडतो.

फणस राहू द्यावा. त्याची सावली कोणत्याही पत्र्याच्या शेडपेक्षा थंड आहे. फळे धरण्याच्या दिवसांत खाली दोरी लावून तेवढा भाग बंद करावा. उतार भरू नये. तो मुलांना चढायला-घसरायला निसर्गाने फुकट दिला आहे. त्यातच चिऱ्याच्या पाच-सहा बुटक्या पायऱ्या कराव्यात, म्हणजे पाखाडी तयार होईल. विहिरीला आधी भक्कम कठडा आणि लोखंडी जाळी. हे काम झाल्याखेरीज एकही मूल मागे सोडू नये, याबाबत मी कोणाचे ऐकणार नाही.

फणसाच्या सावलीत दहा फूट लांब-रुंद आणि दीड फूट खोल वाळूचा खड्डा. तळाला जांभ्याचे तुकडे घालावेत, म्हणजे पाणी मुरेल. वाळू परवान्याच्या गाडीची घ्यावी. खाडीतून रात्री उपसलेली मुलांच्या खेळाला नको. संध्याकाळी वर ताडपत्री, नाहीतर मांजरे त्याचा उपयोग करतील. शेजारी लाल मातीचा एक ढीग, दोन बादल्या, जुनी तांबी-पातेली, नारळाच्या करवंट्या. एक नळ, आणि त्याचे सांडपाणी केळीला. वरच्या बाजूने चर खणून पावसाचे पाणी बाहेर काढावे. आणि एक छोटा चर मुलांना बांध घालण्यासाठी मुद्दाम ठेवावा! वादळात किंवा वयाने पडलेला एखादा ओंडका मिळाला, तर साल काढून, खिळे-फांद्या तपासून आडवा ठेवावा. झोपाळा बांधलाच तर त्याखाली फूटभर भुसभुशीत वाळू हवी. टायर टांगायचे असतील, तर त्यांना खाली भोके पाडावीत, नाहीतर त्यांत पाणी साचून डास होतात. पावसाळ्यासाठी बालवर्गाच्या मागील भिंतीला लागून तीन बाजूंनी उघडी पडवी काढावी. मुलांनी पाऊस काचेतून बघायचा नसतो, पागोळ्यांखाली हात धरून बघायचा असतो.

कुंपणाला आणि आसपास काय लावावे, याकडे फार लक्ष द्यावे लागेल. चंद्रज्योतीचे कुंपण आपल्याकडे सर्रास असते. तिच्या बिया खाऊन मुलांना उलट्या होऊन दवाखान्यात न्यावे लागते. कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा, गुंज, ही सारी विषारी. ओले काजूगर काढताना बोंडाच्या बीचे तेल अंगाला लागले, तर कातडी भाजते. ही झाडे आवारात नकोत. त्यांच्या जागी मेंदी, जास्वंद, अडुळसा लावावा. मेंदी तर ईदला मुलींच्या उपयोगी पडेल. आत एक रातांबा, एक जांभूळ, एक शेवगा. गडग्याच्या भेगांत साप-विंचू राहतात, तेव्हा आतल्या अंगाने दर्जा भरून घ्याव्यात आणि गवत वाढू देऊ नये. एखादे मूल चाकाच्या खुर्चीतून आले किंवा लंगडत आले, तर त्यालाही फणसापर्यंत जाता यावे म्हणून घट्ट केलेल्या मातीची एक रुंद वाट असावी. थोडे पेव्हर ब्लॉक लावायचेच असतील, तर या वाटेला खुशाल लावा.

आणि अंगण काही गडग्यापाशी संपत नाही. आपल्या तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने तेथे संरक्षणाचे काम सुरू केले. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्ले वाळूतून वर येतात आणि कोणी बोट न धरता समुद्राकडे चालू लागतात. लांबलांबून लोक हे बघायला येतात. आपल्या किती मुलांनी पाहिले आहे? बालवर्गाची एक सहल तेथे गेली, तर त्यावर महिनाभर बोलता येईल.

विद्यार्थी मित्रांनो, आठवी-नववीच्या मुलामुलींनो, तुम्हांला मी विसरलेलो नाही. वाळूचा खड्डा मापून आखणे ही तुमची भूमिती, चराला उतार किती द्यायचा हे तुमचे भूगोल-विज्ञान, आणि विषारी झाडांची यादी चित्रांसह करणे हा तुमचा प्रकल्प. त्याचे गुण देण्याविषयी मी मुख्याध्यापकांशी बोललो आहे.

ज्या बांधवाने रक्कम दिली, त्यांना मी हे सारे पत्राने कळविले होते. त्यांचा फोन आला. तिकडून ते म्हणाले, "मास्तर, मी तिथं फणसाखालीच खेळलो. तो तोडणार आहेत हे मला कुणी सांगितलंच नाही." पैसे कसे खर्च करायचे, हे त्यांनी संस्थेवर सोपविले आहे. माझ्या हिशेबाने विहिरीचा कठडा, पडवी, वाळू, नळ आणि कुंपण एवढे सारे होऊन काही रक्कम उरावी. तीतून मागे मुलांबरोबर थांबण्यासाठी एका मदतनीस बाईंचे मानधन निघेल. कारण नुसत्या जागेने काम होत नाही; तेथे डोळे उघडे आणि तोंड बंद ठेवून बसणारे एक मोठे माणूस लागते.

कार्यकारी मंडळाची बैठक मेच्या सुट्टीत, मुंबईकर मंडळी गावी आल्यावर होणार आहे. तिच्याआधी एखाद्या सकाळी तुम्ही आपल्या लहान मुलाला घेऊन त्या जागेत या. त्याला मोकळे सोडा आणि अर्धा तास फणसाखाली गप्प बसून राहा. ते आधी कोठे जाते, काय उचलते, कोणाला हाक मारते, ते पाहा, आणि बैठकीत येऊन सांगा. फावडी-घमेली ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी आपली नावे शाळेच्या कार्यालयात द्यावीत. जांभ्याचे तुकडे दोन घरांनी कबूल केले आहेत. करवंट्या कितीही चालतील. ओंडका मात्र अजून मिळालेला नाही.